घाई नको, एकेक घास : गिळण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांची काळजी

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या या व्यासपीठावर बहुधा मराठी शाळा, मतदारयाद्या, महानगरपालिकेची परिपत्रके यांवर बोलणे होते. आज कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला आहे घरातल्या जेवणाचा. आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, वीसेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेली माणसे आम्ही. पण २०१९ साली आमच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून घरातली आम्ही सगळी मंडळी त्यांना रोज चमच्याने भरवतो आहोत. जाणकारांनी जे शिकवले आणि जे आम्ही वाचून, विचारून पक्के करून घेतले, तेवढेच आज सांगणार आहोत. या विषयाचा मंडळाच्या कामाशी काय संबंध, तेही शेवटी सांगू.

शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत जा. जुन्या घरांत दोघे म्हातारे उरले आहेत आणि मुले पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आहेत. अशा घरात एकाला झटका येतो, तेव्हा सगळ्यांचे लक्ष लुळ्या पडलेल्या हातापायाकडे जाते. घशाकडे कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा राहतो. कंपवात म्हणजे पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, डोक्याला झालेली मोठी दुखापत, तोंडाचा-घशाचा कर्करोग आणि त्यावर घेतलेली किरणे यांमुळेही गिळणे बिघडते. तंबाखू आपल्या भागात किती खाल्ली जाते ते आपण जाणताच, म्हणून हे शेवटचे कारण विसरू नका.

घशात नेमके काय होते?

घशात दोन वाटा शेजारी शेजारी आहेत. पुढची श्वासनलिका फुप्फुसात जाते आणि मागची अन्ननलिका पोटात. आपण घास गिळतो तेव्हा कंठमणी वर उचलला जातो, श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते, क्षणभर श्वास थांबतो आणि घास मागच्या वाटेने खाली उतरतो. हे सारे साधारण एका सेकंदात होते. मेंदूकडून येणारा हुकूम उशिरा पोचला किंवा स्नायू दुबळे झाले, तर झाकण वेळेवर पडत नाही आणि अन्न, पाणी, लाळ फुप्फुसात उतरते. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि वृद्ध माणसाला तो जिवावर बेतू शकतो.

पाणी सगळ्यांत सोपे, असे आपल्याला वाटते. अशा रुग्णाला पाणी सगळ्यांत अवघड जाते. ते पातळ असते, वेगाने धावते, आणि दुबळ्या घशाला झाकण पाडायला वेळच मिळत नाही.

लक्षणे ध्यानात ठेवा. जेवताना वा पाणी पिताना ठसका लागणे. घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येणे. घास गालात साठून राहणे. लाळ गळणे. जेवताना डोळ्यांतून, नाकातून पाणी येणे. जेवणाला पूर्वी वीस मिनिटे लागत ती तासभर लागणे. वजन उतरणे. कारण न सापडता पुन्हा पुन्हा ताप आणि छातीत कफ होणे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, काही रुग्णांच्या घशाची जाणीवच गेलेली असते. अन्न फुप्फुसात जाते आणि ठसका लागतच नाही. म्हणून "त्यांना काही ठसका लागत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे" असे धरून चालू नये.

कोणाला विचारावे?

गिळण्याची तपासणी करणारी माणसे म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. नावावरून ते फक्त बोलणे सुधारतात असे वाटते, पण बोलण्याचे आणि गिळण्याचे बरेचसे स्नायू तेच असल्यामुळे हेही काम त्यांचेच आहे. आपल्याच राज्यात म्हैसूरला या विषयाची अखिल भारतीय संस्था साठच्या दशकापासून काम करते आहे आणि तिथे शिकलेले तज्ज्ञ ठिकठिकाणी आहेत. दवाखान्यातून घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "यांची गिळण्याची तपासणी झाली का? काय द्यायचे, किती दाट द्यायचे, कसे बसवायचे?" गरज पडल्यास नाकातून बारीक दुर्बीण घालून, किंवा बेरियम मिसळलेले अन्न गिळताना क्ष-किरणांचे चित्रण करून, घास नेमका कुठे जातो ते पाहता येते. आम्ही पुढे जे सांगतो ते सर्वसाधारण आहे. तुमच्या माणसासाठी तज्ज्ञाने वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐका.

कसे बसवावे, कसे भरवावे?

पहिली गोष्ट म्हणजे माणूस पूर्ण जागा हवा. गुंगीत असलेल्याला, झोपेतून नुकत्याच उठवलेल्याला भरवू नये. "औषधाची वेळ झाली, दोन घास तरी" म्हणून पेंगत्या माणसाच्या तोंडात चमचा घालणे फार धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट बसण्याची. शक्यतो खुर्चीत, पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले. खुर्चीत बसवणे जमत नसेल तर पलंगाचे डोके पूर्ण उचलून, पाठीशी लोड, लुळ्या बाजूला उशी. मान मागे झुकलेली नको, हनुवटी किंचित खाली. आडवे झोपवून काहीही देऊ नये, औषधाचा घोटसुद्धा नाही. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसेच बसवून ठेवावे.

तिसरी गोष्ट आपल्या बसण्याची. आपण उभे राहून भरवले की रुग्णाला वर पाहावे लागते, आणि वर पाहिले की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. म्हणून समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चोचीचा कप किंवा अरुंद फुलपात्र तळाशी गेले की मान मागे टाकावी लागते. त्यापेक्षा रुंद तोंडाचा पेला किंवा चमचा बरा. स्ट्रॉ तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय नको.

मग घास. चहाचा लहान चमचा, तोही पाऊण भरलेला. एक बाजू लुळी असेल तर चांगल्या बाजूने घास द्या. घास दिल्यावर कंठमणीकडे बघा. तो वर जाऊन खाली आला म्हणजे गिळले. मग तोंड उघडायला सांगून गालात काही उरले नाही ना ते बघा, आणि मगच पुढचा चमचा. बँकेत कॅशियर एकाची रोख मोजून, नोंद करून झाल्याशिवाय पुढचे टोकन पुकारत नाही. रांग कितीही लांब असो, कोणी कितीही कुरकुर करो. इथेही तोच नियम धरा. अधूनमधून "बाबा, आऽ म्हणा बघू" असे म्हणावे. आवाज ओलसर आला तर खोकायला सांगावे, पुन्हा कोरडा घोट गिळायला सांगावे, आणि आवाज स्वच्छ होईपर्यंत थांबावे.

जेवताना दूरदर्शन संच बंद. गप्पा बंद. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो आणि त्याच वेळी घास घशात असतो. आपल्याकडे पंगतीत आग्रह हा प्रेमाचा भाग मानतात. इथे आग्रह नको. अर्ध्या तासात जेवढे जाईल तेवढे, दमले की थांबायचे, आणि दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यायचे.

आता आपली एक जुनी सवय. कोणाला ठसका लागला की आपण म्हणतो, "वर बघ, वर बघ, कोणीतरी आठवण काढली!" टाळूवर थापट्या मारतो आणि लगेच पाण्याचा पेला पुढे करतो. धडधाकट माणसाला ते चालून जाते. अशा रुग्णाला वर बघायला लावणे म्हणजे श्वासनलिका उघडणे, आणि वर पाणी देणे म्हणजे त्यात पाणी ओतणे. ठसका लागला तर त्यांना किंचित पुढे वाकवा आणि खोकू द्या. खोकणे हाच त्यांचा बचाव आहे.

आपल्या स्वयंपाकघरातले काय चालते?

२०१५ साली गिळण्याच्या त्रासासाठी अन्न आणि पेयांच्या आंतरराष्ट्रीय पायऱ्या ठरवल्या गेल्या. शून्य ते सात अशा एकूण आठ. शून्य म्हणजे पाणी, सात म्हणजे आपले नेहमीचे जेवण. एक ते तीन ही क्रमाने दाट होत जाणारी पेये, चार म्हणजे गुठळी नसलेला गुळगुळीत लगदा, पाच म्हणजे बारीक केलेले ओलसर अन्न, त्यातले कण ४ मिलिमीटरच्या आतले, आणि सहा म्हणजे मऊ पण दीड सेंटिमीटरच्या आतले तुकडे. तुमच्या माणसाला कोणती पायरी, हे तज्ज्ञ सांगतील.

आपल्या जेवणात पुष्कळ सोयीचे आहे. चांगला घोटलेला गुरगुट्या भात आणि दाट वरण, तूप घालून एकजीव केलेले. मुगाची घोटीव खिचडी. नाचणीचे दाट सत्त्व. शिजवून गाळणीतून काढलेला भोपळा, बटाटा, गाजर. घट्ट, न फुटलेले दही. आंब्याच्या दिवसांत गाळलेला दाट रस. चमच्यावर घेऊन चमचा कलंडला की एकगठ्ठा सुटून पडावा, चिकटून राहू नये, आणि भोवती पाणी सुटलेले नसावे, ही चौथ्या पायरीची साधी कसोटी आहे.

धोक्याचे काय तेही ऐका. एकाच घासात पातळ आणि घट्ट असे दोन्ही असले तर घसा गोंधळतो. पातळ आमटीत कालवलेला भात, दुधातले पोहे, चहात बुडवलेले बिस्किट, रस्सा-पाव ही सगळी त्याच जातीची. भुगा होणारे चिवडा, चुरमुरे, कोरडी भाकरी, मांडे. चिकटणारे साबुदाणा, पिठले फार घट्ट झाले तर तेही. सालीचे आणि दाण्याचे मटार, मक्याचे दाणे, शेंगदाणे, द्राक्षे, डाळिंब. आइस्क्रीम आणि जेली घट्ट दिसतात, पण तोंडात वितळून पाणीच होतात. ज्यांना पातळ चालत नाही त्यांना तीही चालत नाहीत.

पाणी, चहा, ताक दाट करायला औषधांच्या दुकानात पावडर मिळते. कोणती आणि किती, ते तज्ज्ञाला विचारा. स्टार्चची पावडर लाळेने पातळ होत जाते, म्हणून तोंडात जाऊन आलेला चमचा पुन्हा पेल्यात बुडवत राहिलो तर पेला हळूहळू पातळ होतो. झँथन गमच्या पावडरीचे तसे होत नाही. नाचणीची, तांदळाची पेज गरम असताना पातळ आणि थंड झाली की घट्ट होते, म्हणून भरवण्याच्या वेळी ती कशी आहे तेच पाहावे.

दाटपणा मोजायची रीत घरी करता येते. १० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज घ्यावी. शून्य ते दहा या खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर हवे, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढून टोकाला बोट लावून १० पर्यंत पेय भरावे, बोट काढावे आणि घड्याळात १० सेकंद मोजून पुन्हा लावावे. आत १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर ते पाण्यासारखे, १ ते ४ उरले तर पहिली पायरी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर तिसरी, आणि थेंबही गळला नाही तर चौथी. आमच्या घरी सकाळी पहिल्या चहाला ही मोजणी होते. पाच मिनिटांचे काम आहे.

पण दाट पेयांचाही एक तोटा आहे. ती आवडत नाहीत, म्हणून माणसे कमी पितात, आणि अंगातले पाणी कमी होते. लघवी गडद व थोडी होऊ लागली, जीभ कोरडी पडली, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर डॉक्टरांना कळवा. दिवसात किती पाणी हवे हे हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांत वेगळे असते, ते विचारून ठेवा आणि दिलेले मोजून वहीत लिहा. आणि तज्ज्ञाने सांगितले नसेल तर केवळ भीतीने सगळे दाट करू नका.

तोंड आणि गोळ्या

तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते. जपानमधील वृद्धाश्रमांत केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणानंतर नियमित दात घासून तोंड स्वच्छ ठेवलेल्या वृद्धांत न्यूमोनिया कमी आढळला. म्हणून दर जेवणानंतर मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ साफ करा. कवळी रोज रात्री काढून धुवा. दात नसले तरी तोंड पुसायचेच.

गोळी अडकते म्हणून सरसकट कुटून देऊ नका. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की सगळे औषध एकदम अंगात जाते. डॉक्टरांना विचारले की पुष्कळदा पातळ औषध किंवा दुसरी गोळी मिळते. कंपवाताच्या रुग्णाला गोळीचा असर असताना भरवले तर गिळणे सोपे जाते, ती वेळही विचारून घ्या.

पाहुणे, प्रसाद आणि कुंदा

घरातली माणसे शिकतात, अडचण येते ती भेटायला येणाऱ्यांची. बेळगावात आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. "काकांना कुंदा फार आवडतो हो" म्हणत प्रेमाने डबा उघडला जातो. कुंदा रवाळ आणि चिकट असतो. पूजेनंतर तळहातावर पळीभर तीर्थ दिले जाते. ते पाणीच आहे. शिऱ्यात काजू-बेदाणे असतात.

यावर आमच्या घरी उपाय केला तो असा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या : बसवून द्या, लहान चमचा, गिळल्यावरच पुढचा, पातळ नाही, बाहेरचे काही नाही. तो कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर लावला. वहीत कोणी, किती वाजता, काय भरवले आणि ठसका लागला का, ते लिहून सही करायची. भरवणाऱ्या बाईंनीही आणि सुटीला आलेल्या आमच्या बहिणीनेही. माणसाला नाही म्हणणे जड जाते, पण भिंतीवरच्या कागदाचा कोणाला राग येत नाही. तीर्थ आम्ही बोटाने ओठांना लावतो. आमच्या गुरुजींनीच सांगितले की तेवढे पुरे. कुंदा आवडत असेल तर तज्ज्ञाला विचारून दुधाबरोबर मिक्सरमधून गुळगुळीत काढून नखभर देता येतो. चव त्यांच्यापासून हिरावून घ्यायची नाही.

एवढे करूनही घास पक्का अडकला तर? माणूस खोकू शकत असेल तर खोकू द्या. बोलता येत नाही, खोकता येत नाही, श्वास येत नाही असे दिसले तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. सुटले नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे पाच झटके. सुटेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. माणूस बेशुद्ध झाला तर सपाट जमिनीवर झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. तोंडात आंधळेपणाने बोटे घालू नका, पाणी पाजू नका.

नळी घालावी का?

हा प्रश्न घराघरांत भांडणे लावतो. झटक्यानंतर गिळणे परत येईपर्यंत काही आठवडे नाकातून नळी घालणे योग्य ठरते. गरज लांबली तर पोटातून नळी घालतात. पण नळी असली तरी लाळ आणि पोटातून वर आलेले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात तर नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही. अशा वेळी सावकाश, हाताने, त्यांना हवे तेवढेच भरवण्याचा सल्ला जाणकार देतात. अशा माणसाने तोंड मिटून घेतले म्हणजे "सुनेने उपाशी ठेवले" असे नव्हे. नातेवाईकांनी हे बोलणे टाळावे, ही आमची हात जोडून विनंती आहे. जी बाई दिवसातून सहा वेळा, अर्धा अर्धा तास समोर बसून भरवते, तिला आठवड्यातून एक दुपार सुटी द्या. ते अधिक उपयोगाचे आहे.

मंडळाने काय करावे?

आता शेवटचा मुद्दा. वडिलांना घरी सोडले तेव्हा हातात आलेल्या कागदावर आहाराविषयी इंग्रजीत दोन शब्द होते. त्यांचा अर्थ 'मऊ आहार'. आमच्या आईचे शिक्षण मराठी सातवी. मऊ म्हणजे काय? दूध-पोहे मऊच. चहा-बिस्किट मऊच. हाच कागद आपल्या शेकडो घरांत जातो, आणि तो वाचणारी, भरवणारी बाई बहुधा फक्त मराठी वाचते. भाषेचा प्रश्न आपण शाळेच्या आणि कार्यालयाच्या दारात मांडतो. तो पलंगाशेजारीही आहे, आणि तिथे एक न कळलेला शब्द जीव घेऊ शकतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्ण-हक्कांची सनद तयार केली. तिच्यात रुग्णाला त्याला कळणाऱ्या भाषेत माहिती मिळावी असे म्हटले आहे. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने तक्रारीचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा आम्ही दोन सूचना मांडतो. एक, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेले एक पानी मराठी सूचनापत्रक मंडळाने छापावे, आणि कार्यकर्त्यांनी ते घरोघरी व दवाखान्यांत पोचवावे. दोन, घरी सोडतानाच्या आहाराच्या सूचना मराठीतही मिळाव्यात असे निवेदन मंडळाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावे. हे कोणाविरुद्ध नाही. आमच्या शेजारच्या कन्नड आजींना त्या कन्नडमध्ये मिळाव्यात, हेही आम्ही त्याच निवेदनात लिहू.

पत्रक निघेपर्यंत आज घरी जाऊन भिंतीवर त्या पाच ओळी लावा. कागद आणि पेन तर प्रत्येक घरात आहे.